अनुभव धागा: इलेक्ट्रिक सेडानवर जीव का जडला?

सुरुवात मीच करते. आमची मर्सिडीजची ईक्यूएस ५८०, आपल्या चाकणच्या कारखान्यात जोडलेली. आईला ऐकू कमी येतं. जुन्या डिझेल गाडीत ती मागे गप्प बसून असायची, कारण 'काय म्हणालीस?' असं तिसऱ्यांदा विचारायचा तिला संकोच वाटायचा. ही गाडी घेऊन पहिल्यांदा वाईला निघालो, तर शिरवळ यायच्या आत तिने माहेरच्या विहिरीची अख्खी गोष्ट सांगून टाकली. मी एवढी वर्षं ती ऐकलीच नव्हती!

बॅटरी १०७.८ किलोवॅट-तासांची. एका चार्जमध्ये ८५७ किलोमीटर, हा एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेचा आकडा. प्रत्यक्षात तेवढं मिळत नाही, पण कोल्हापूरला जाऊन-येऊन निर्धास्त होतं. बॉनेट आपण उघडायचंच नाही. काच धुण्याचं पाणी पुढच्या डाव्या चाकावरच्या छोट्या झाकणातून भरायचं. ते काम आई हौसेने करते.

तुमची कुठली? का आवडते? सविस्तर लिहा.

नाशिकहून
बीएमडब्ल्यू आय४. माझे वडील ट्रक चालवायचे. कसारा घाट म्हटलं की मला तापलेल्या ब्रेकचा वासच आठवतो. आता 'बी' मोड लावून उतरतो. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की गाडी आपोआप आवरते, कारण तीच मोटर जनित्र होते आणि उताराची ताकद बॅटरीत परत जाते. परवा वडील शेजारी होते. घाटाच्या तोंडाशी ६१ टक्के, खाली कसाऱ्याला ६२. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "घाटानं दिलं रे आपल्याला." बस्स, माझे पैसे वसूल.

शिकागोहून
टेस्ला मॉडेल एस. इथल्या थंडीत पल्ला बराच घटतो, ते धरूनच निघायचं. पण धूर नसल्याने गॅरेजचं दार बंद ठेवून गाडी उबदार करता येते. लेकीला स्वेटरवरच उचलून सीटवर बसवते.

साताऱ्याहून
चांगलंच लिहायचं ठरवलं होतं, पण एक रात्र सांगतेच. हायवेवरच्या चार्जरची एक गन (गाडीला जोडायची केबल) बंद, दुसरी ॲपवर चालू दिसते पण सुरू होईना. रात्रीचे ११, मुलं झोपलेली. कंपनीचा फोन कोणी उचलला नाही. शेवटी ढाब्याच्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर अडीच तास गाडी लावली, तेव्हा कुठे घर गाठण्यापुरतं चार्जिंग झालं. हा त्रास खरा आहे आणि तो संपलाच पाहिजे. तरी माझी ही गाडी, बीवायडी सील, विकणार नाही. ते अडीच तास गाडीत एसी चालू होता, आणि मुलांना जागसुद्धा आली नाही.

उलव्याहून
मी भूलतज्ज्ञ आहे. रात्री-अपरात्री मुंबईत बोलावणं येतं. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर आमच्या इलेक्ट्रिक गाड्यांना टोल नाही, त्याचा आनंद आहेच. पण माझं कारण वेगळं. तळमजल्यावर तान्हं बाळ आहे, आणि माझं पार्किंग त्यांच्या खिडकीला लागून. पूर्वी पहाटे ३ ला गाडी चालू केली की त्या खिडकीत दिवा लागायचा. आता रिव्हर्स घेताना बारीक गुणगुण होते तेवढीच. मी आरशात बघत राहते, खिडकीत अंधारच असतो.