भाषणातली टोलेबाजी फक्त गड्यांनाच आवडते का?

परभणीकर८८:
लोकहो एक विचारायचंय. आमच्याकडं पाथरी साइडला निवडणूक लागली की पारावरचे समदे गडी एकच बोलायलेत, अमक्यानं तमक्याला कसं धुतलं, काय टोला हाणला, नुसते रील फिरवायलेत. घरी आलो तर आई, काकू, बायको, कुणालाच त्याचं काही नाही. आई म्हणली, "त्यांच्या भांडणानं नळाला पाणी येणार हाय का?" हा फरक सगळीकडं असतो का आमच्याच घरात? कुणी प्रचारात काम केलं असंल तर सांगा.

उस्मानपुरा_कट्टा:
अमेरिकेत १९८० ला रेगन निवडून आले तेव्हापासून बाया-पुरुषांच्या मतातला फरक मोजायलेत, ढीगभर अभ्यास झालाय, पण बायकांना शिवराळ प्रचार नकोच असतो असं सरसकट काही त्यातनं निघत नाही. आपल्याकडं २०२४ ला लाडकी बहीण आली, महिन्याला १५०० रुपये. पैसा तर होताच, पण बोलायची ढबच बदलली, अजितदादा गुलाबी जाकीट घालून फिरले राव! पुढाऱ्यांना कळतंय समदं.

बचतगटवाली_अंबाजोगाई:
आवडनिवड नंतर, आधी ऐकायला तर मिळू द्या. सभा संध्याकाळी, तेव्हा आम्ही भाकरी थापायलोत. दुपारच्या सभेला गाडीत घालून नेतात ते मंडप भरायला, मागं बसवतात, तिथं कुणाला काय ऐकू येतंय. भाषण आमच्यापर्यंत येतं नवऱ्याच्या तोंडून आणि तो फक्त टोलाच सांगतो, पुढारी पीकविम्यावर बोलला असंल तरी ते ह्याच्या ध्यानात राहत नाही. मग आम्ही बचत गटाच्या मीटिंगला एकमेकींना विचारतो, कुणाच्या खात्यात लाडकीचे पैसे आले, कुणाचे केवायसीत अडकले, त्यावर मत ठरतं.

घनसावंगीचा_शेतकरी:
ताई बरोबर बोलल्या, पण कडक बोलणं बायांना चालत नाही हे काय पटत नाही बुवा. अंतरवाली सराटी आमच्या शेजारीच. सप्टेंबर २०२३ ला लाठीचार्ज झाला, बायांनाही लागलं, त्यानंतर जरांगे पाटलांच्या सभेला रात्री उशिरापर्यंत बाया लेकरं घेऊन बसायच्या, आणि ते काय गोडगोड बोलत नव्हते. पण बोलणं लेकराच्या शिक्षणाचं, नोकरीचं होतं. दारूबंदीचं मतदान बघा, गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त बायांनी आडव्या बाटलीला, म्हंजी बंदीच्या खुणेला, मत दिलं की दुकान बंद. तिथं प्रचार बायाच करतात आणि दारात उभं राहून नाव घेऊन असं झाडतात की आमच्या आमदाराला बी जमणार नाही.

परभणीकर८८:
हे खरंय. पण आमच्या जिल्हा परिषद गटात महिला राखीव सुटलंय, उमेदवार बाई, बॅनरवर नवऱ्याचा फोटो मोठा आणि भाषण बी तोच ठोकायलाय, टोले हाणहाणून. मी त्यांच्याच प्रचारात आहे, काय सांगू त्याला?

बचतगटवाली_अंबाजोगाई:
दादा तिला दुपारी दोनला बचत गटाच्या मीटिंगला पाठवा, एकटीला. त्याला बाहेर बसवा, चहा देतो आम्ही.