पहिल्यांदाच पोपट आणतोय, आधी काय तयारी करू?

पुढच्या महिन्यात कॉकटील (तुरा असलेला छोटा पोपट) आणायचं ठरलंय, पिंजरा गोल घेऊ की चौकोनी? अजून काय लागेल?

> चौकोनी आणि रुंद घ्या, पंख पूर्ण पसरता आले पाहिजेत. गजांमधलं अंतर अर्ध्या इंचाच्या आसपास हवं नाहीतर डोकं अडकतं. बसायच्या दांड्या वेगवेगळ्या जाडीच्या लावा.

> पिंजरा किचनमध्ये अजिबात नको!! नॉनस्टिक भांडं जास्त तापलं की जी वाफ निघते तिने पक्षी काही मिनिटांत जाऊ शकतो, आपल्याला कळतही नाही.

> नुसत्या बियांवर ठेवू नका, पेलेट्स (पक्ष्यांचं तयार गोळ्यांसारखं खाद्य), पालेभाज्या, गाजर द्या. अ‍ॅव्होकॅडो, चॉकलेट कधीच नाही. आणि पक्ष्यांचा डॉक्टर आत्ताच शोधून ठेवा, हे पक्षी आजार लपवतात, दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

पिंजऱ्याबाहेर घरात मोकळं सोडलं तर चालेल ना?

> सोडायलाच हवं रोज, फक्त पंखा बंद, खिडक्या बंद.