जर्मनीला जाऊ की नको? मदत हवी आहे
नमस्कार. मी पुण्यात मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला, माझा बॉयफ्रेंड नागपुरात एमबीबीएसला. तीन वर्षं रात्रीच्या फोनवर आणि दिवाळीच्या सुट्ट्यांवर निभावलंय. मेसचा डबा उघडला की आधी फोटो त्याला, मग घास. आता जर्मनीत मास्टर्स करायचं डोक्यात आहे. एपीएससाठी (आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं प्रमाणपत्र) कागद जमवलेत. ब्लॉक्ड अकाउंटचे (व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच ठेवायचं खातं) 11,904 युरो बाबा कर्ज काढून भरू म्हणतात. पण हिवाळ्यात घड्याळात साडेचार तासांचा फरक, त्यात त्याच्या इंटर्नशिपच्या नाइट ड्यूट्या. "तू जा गं," म्हणतो आणि गप्प होतो. ते गप्प होणंच खातंय मला. अशी दोन वर्षं कुणी काढलीत का? बोलायच्या वेळा कशा जमवल्या? अर्ज करण्याआधी एकमेकांशी नेमकं काय बोलून घ्यावं? (घरी त्याच्याबद्दल माहीत नाही, म्हणून इथे विचारतेय.)