12 जणांचे दरमहा 500 रुपये: एकाच्या खात्यात जमवावेत का?

शिरगाव_फाटा
आम्ही 12 जण, पंचविशीच्या आतबाहेरचे, बहुतेक कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीत नोकरीला. दरमहा प्रत्येकी 500 काढून जिल्ह्यातल्याच एखाद्या संस्थेला द्यायचं ठरलंय. बेत असा: एकाच्या खात्यात जमवायचे आणि मार्चमध्ये 72,000 एकरकमी द्यायचे. 80जी (देणगीवरची आयकर वजावट) सगळ्यांना मिळेल का? पुरासाठी वेगळं काही ठेवावं का?

हिशेबनीस
एकाच्या खात्यात जमवू नका. पैसे ज्याच्या खात्यातून गेले त्याच्याच पॅनवर पावती फाटते, उरलेले 11 जण कोरडेच. त्यात बाहेरच्यांकडूनही गोळा करायला लागलात तर सार्वजनिक न्यास कायद्याचं कलम 41क आडवं येतं. गणपती मंडळं धर्मादाय कार्यालयातून वर्गणीची परवानगी काढतात ना, तेच कलम. प्रत्येकानं थेट संस्थेच्या खात्यात टाका.

नुसत्या छापील पावतीवर आता भागत नाही. संस्था 31 मेपर्यंत फॉर्म 10बीडी (देणगीदारांचा तपशील) आयकर खात्याकडे भरते, त्यातून तुमचं 10बीई हे देणगीचं प्रमाणपत्र निघतं. पॅनमधलं एक अक्षर चुकलं तरी वजावट अडकते, म्हणून पॅन फोनवर तोंडी सांगू नका, लिहून पाठवा. 2,000 च्या वर रोख दिलीत तर वजावट नाही, वस्तू दिल्या तरी नाही.

पण हे सगळं जुन्या करप्रणालीत. नवी आपोआप लागू होते आणि तिच्यात 80जी नाहीच. जुनीत असलात तरी वर्षाच्या 6,000 चे बहुधा निम्मेच वजा होतात. 20 टक्क्यांच्या टप्प्यात सेससकट वाचतात 624 रुपये. तेवढ्यासाठी संस्था निवडायची नसते.

राजारामपुरी_आठवी_गल्ली
संस्था निवडताना पावतीवरचा नोंदणी क्रमांक बघा. ‘महा/…/कोल्हापूर’ हा सोसायटी नोंदणीचा. ‘एफ’ किंवा ‘ई’नं सुरू होणारा सार्वजनिक न्यासाचा. पहिलाच छापलाय तर दुसरा विचारा. मग मागच्या दोन वर्षांचा ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रक मागा. द्यायला टाळाटाळ झाली की तिथंच थांबा.

पगाराचा आकडा मोठा दिसला म्हणून नाक मुरडू नका. दिव्यांग मुलांच्या शाळेत शिक्षक आणि मदतनीस हाच मुख्य खर्च. शंका घ्यायची ती ‘इतर खर्च’ फुगलेला दिसला तर, नाहीतर खर्च आहे तिथंच आणि ठेवी मात्र वाढतायत अशा वेळी.

क्यूआर स्कॅन केल्यावर नाव न्यासाचं यायला पाहिजे, अध्यक्षांचं नव्हे. आणि ऑनलाइन निधी गोळा करणाऱ्या काही साइटवर ‘टिप’ आधीच लावून ठेवलेली असते, ती शून्य करून मगच पैसे भरा.

वैरणकाडी
पुराचं वेगळं ठेवा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांवर गेली की इशारा, 43 वर धोका. बातमी आली की जो तो जुने कपडे आणि बिस्किटं गोळा करतो. 2019 ला कपड्यांचे ढीग भिजून कुजले, ते उचलायचं काम आणखी वाढलं. माणसांचं जेवण पहिल्या दिवसापासून येतं, जनावरांची वैरण मागं राहते. एका दुभत्या म्हशीला दिवसाला 20-25 किलो ओली वैरण लागते, आणि वाडं (उसाचे शेंडे), कडबा तर पाण्याखाली. शिरोळ, करवीरच्या छावण्यांना आधी फोन करा, काय कमी आहे ते विचारा, मग टेम्पो भरा.

पाणी ओसरल्यावर फावडी, खराटे, गमबूट, ब्लीचिंग पावडर लागते, आणि नेमकी तेव्हाच मदत आटलेली असते. म्हणून पुराचे पैसे पहिल्याच आठवड्यात संपवू नका.

शिरगाव_फाटा
थेट द्यायचं ठरलं. पण 12 जणांना दर महिन्याला आठवण कोण करणार? आणि एखाद्याची नोकरी गेली तर?

हिशेबनीस
यूपीआय ऑटोपे लावा. तारीख पगारानंतरची, 7 किंवा 10. महिनाअखेरची ठेवली की खात्यात शिल्लक नसते आणि हप्ता परत जातो. एनॅच (बँकेकडून थेट हप्ता कापायची सोय) केलात तर परत गेलेल्या हप्त्याला बँक वर दंडही लावते. शेवटची तारीख एक वर्षानंतरची टाका, म्हणजे वर्षानं सगळ्यांना पुन्हा विचारता येतं. पैसे कापायच्या 24 तास आधी मेसेज येतो. नोकरी सुटली तर त्यानं ॲपच्या ‘मँडेट’मध्ये जाऊन थांबवायचं, ग्रुपवर कारण विचारायचं नाही.