गव्याच्या आणि सांबराच्या जुन्या मुंडक्यांना लागलेली कसर कशी थांबवावी?

प्रश्न (डिचोलीहून)

आमच्या जुन्या घराच्या वसरीवर गव्याचे एक आणि सांबराचे एक अशी पेंढा भरलेली दोन मुंडकी आहेत. दोन्ही गोवा मुक्तीच्या आधीची असून त्यांचा मालकीचा दाखला वडिलांच्या नावावर आहे. यंदा चवथीची साफसफाई करताना सांबराखालच्या बाकावर भुशासारखी बारीक पूड आणि केसांचे तुकडे पडलेले दिसले. मानेवरचे केस चिमटीत धरले, तर ते मुळापासून न निघता मधूनच तुटून हातात आले. गेल्या वर्षी कीटकनाशक फवारणाऱ्या एका माणसाला बोलावले होते. त्याने भिंतींबरोबर मुंडक्यांवरही तेलकट औषध मारले. त्यामुळे गव्याच्या कपाळावरचे केस चिकटून राठ झाले आणि कसर मात्र तशीच राहिली. सध्या मागच्या बाजूला डांबरगोळ्यांची पुरचुंडी बांधली आहे. आजोबांची ही आठवण माझ्या देखत नष्ट होऊ नये, म्हणून जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (पणजीहून, वस्तुसंग्रहालयात जतनाचे काम केले आहे)

सर्वप्रथम एक विनंती: मुंडक्यांना उघड्या हातांनी स्पर्श करू नका आणि फडक्याने झटकू नका. त्या काळी कातडे टिकवण्यासाठी आतल्या बाजूने सोमल (आर्सेनिकचे विष) लावण्याची पद्धत जगभर होती, आणि तो सोमल आजही तिथेच असतो, विशेषतः डोळ्यांभोवती, कानांच्या मुळाशी आणि शिवणीवर. हातमोजे आणि एन-९५ मुखपट्टी वापरा, आणि काम चालू असताना मुलांना वसरीवर येऊ देऊ नका. मग विष असूनही कीड कशी लागली, असा प्रश्न साहजिकच पडेल. सोमल कातड्यात असतो, केसांच्या टोकापर्यंत तो पोहोचत नाही. म्हणून अळी कातड्याला न लागता केस मधूनच कुरतडते. तुमच्या चिमटीत आलेले केस हेच सांगत आहेत.

आता शत्रू नेमका कोण, ते पाहा. केसांत रेशमी जाळी किंवा बारीक नळ्या दिसल्या, तर तो कसरीचा पतंग आहे. तो जेमतेम ६ ते ८ मिलिमीटरचा, सोनेरी झाकेचा असतो, अंधारात राहतो आणि मोठा झाल्यावर काही खात नाही. नुकसान सारे अळीचे. जाळी नसून तपकिरी, केसाळ, पोकळ काती सापडल्या, तर ते चामड्यावर आणि लोकरीवर जगणारे भुंगेरे आहेत. त्यांचे प्रौढ भुंगे फुलांतील पराग खातात आणि उजेडाकडे झेपावतात, त्यामुळे खिडकीच्या कट्ट्यावर मेलेले सापडतात. विजेरी घेऊन मुंडक्याची भिंतीकडची बाजू आणि कानांचे आतले भाग तपासा. सांबराची शिंगे हाडाची असल्यामुळे त्यांना या किडीची भीती नाही, पण गव्याच्या शिंगांचे आवरण केसांसारख्याच केराटिनचे असते, त्यामुळे शिंग आणि केस जिथे भेटतात तो सांधा नीट पाहा.

डांबरगोळ्यांवर विसंबू नका. त्यांची वाफ बंद पेटीत कोंडली तरच परिणाम होतो. उघड्या वसरीवर ती वाऱ्याबरोबर निघून जाते, आणि बंद जागेत रोज श्वासावाटे घेणे आरोग्याला चांगले नाही. शिवाय ती वाफ जुना रंग आणि काही प्लास्टिक मऊ करते.

खात्रीचा उपाय म्हणजे गोठवणे: उणे १८ अंश सेल्सिअसला सलग दोन आठवडे. एवढी मोठी मुंडकी शीतपेटीत मावत नसतील, तर प्राणवायू आत शिरू न देणाऱ्या खास थरांच्या पिशवीत प्राणवायूशोषक पुड्यांसह ती हवाबंद करून तीन ते चार आठवडे ठेवावीत. साधे पॉलिथिन इथे चालत नाही, कारण त्यातून प्राणवायू हळूहळू आत झिरपतो. गोव्याच्या उबदार हवेत हा उपाय थंड प्रदेशापेक्षा लवकर लागू पडतो. गव्याच्या चिकटलेल्या केसांवर मात्र घरी कोणतेही द्रावण वापरू नका. ते काम जतनतज्ज्ञाकडूनच करून घ्यावे.

उत्तर २ (फोंड्याहून, निवृत्त शिक्षक)

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतील पेंढा भरलेल्या घुबडाला हीच कीड लागली होती. आम्ही ते दोन पिशव्यांत, शक्य तितकी हवा काढून, चिकटपट्टीने बंद केले आणि आडव्या शीतपेटीत १४ दिवस ठेवले. बाहेर काढल्यावर पिशवीवर दवाचे थेंब जमले. घाई करून पिशवी उघडली असती, तर तेच पाणी पिसांवर बसले असते. म्हणून पूर्ण एक दिवस तिला हात लावला नाही. नंतर पांढऱ्या कागदावर मऊ कुंचल्याने पिसांच्या दिशेने झाडले, तेव्हा मेलेल्या अळ्या कागदावर पडल्या.

तरीही पुढच्या वर्षी कीड पुन्हा आली. शोध घेतला, तेव्हा कपाटावरच्या कौलांखाली पाखराचे जुने घरटे सापडले. त्यातील पिसांवर हेच किडे पोसत होते. तुमच्या वसरीवरही मंगळुरी कौले असतील, तर वासे, माळा आणि पालीची किंवा उंदराची सुकलेली मढी हे सारे आधी पाहा.

उत्तर ३ (वाळपईहून)

मुंडकी घराबाहेर नेण्यापूर्वी वनखात्याची लेखी परवानगी घ्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अशा वस्तू मालकीच्या दाखल्याशिवाय बाळगता येत नाहीत आणि त्यांची विक्रीही करता येत नाही. वारसाने त्या हाती आल्यास ९० दिवसांच्या आत मुख्य वन्यजीव संरक्षकांकडे निवेदन द्यावे लागते.

प्रश्नकर्त्याचे पुन्हा निवेदन

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल विजेरीने पाहिले, तेव्हा सांबराच्या डाव्या कानात तपकिरी काती सापडल्या आणि समोरच्या खिडकीत तीन मेलेले भुंगे मिळाले. जाळी कुठेही दिसली नाही. गव्याच्या शिंगांचे सांधे स्वच्छ आहेत. माळ्यावर पाखरांची दोन घरटी होती. ती रिकामी असल्याची खात्री करून काढली. वडील सोमवारी वनखात्याच्या कार्यालयात जात आहेत. घरीच हवाबंद करायचे ठरवले आहे. ती खास पिशवी सांबराच्या शिंगांच्या टोकांनी फाटू नये यासाठी टोकांना काय गुंडाळावे, तेवढे पणजीच्या काकांनी सांगावे.

उत्तर १ कडून

जुने, धुतलेले पांढरे सुती कापड तीन-चार घड्या करून टोकांना बांधा. लोकरीचे काहीही वापरू नका.