मदत हवी आहे : गच्चीवरच्या टीव्हीच्या १४ छत्र्या काढून सामाईक डिश बसवायची आहे (बारा फ्लॅटची इमारत)

नमस्कार मंडळी,

दारव्हा तालुक्यातल्या (जि. यवतमाळ) एका मोठ्या गावात एसटी स्टँडच्या मागे आमची बारा फ्लॅटची इमारत आहे. तळमजला आणि वर दोन मजले. राहणारे बहुतेक शिक्षक, बँकेतले, आणि शेती मुलांच्या हाती देऊन गावात राहायला आलेली वयस्कर मंडळी. यंदा सोसायटीची सचिव मी आहे, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. जाणकारांनी कृपया पूर्ण वाचून सल्ला द्यावा.

मागच्या पावसाळ्यात वरच्या मजल्यावरचे दोन फ्लॅट गळले. एका घरात तर पंख्याच्या हुकातून पाणी उतरलं. गच्ची झाडून धुऊन घेतली तेव्हा कारण दिसलं. चौदा छत्र्या, प्रत्येकीच्या पायाला चार फास्टनर, म्हणजे कोब्याला छप्पन भोकं. आधी कोणी काढून नेलेल्या छत्र्यांची भोकं त्याहून वेगळी, ती तर उघडीच. त्यातल्या एकात मी खराट्याची काडी घातली. बोटभर आत गेली आणि ओली बाहेर आली.

आता मृग लागायच्या आत गच्चीचं वॉटरप्रूफिंग नव्याने करायचं ठरलं आहे. ठेकेदाराचं म्हणणं, सगळ्या छत्र्या उतरवा, आणि काम झाल्यावर स्लॅबला एक जरी ड्रिल मारलं तर गॅरंटी संपली. त्याचं बरोबरच आहे.

मोजदाद अशी. पाच छत्र्या कोणाच्याच नाहीत, बदली होऊन गेलेल्या लोकांच्या राहून गेल्या. चार डीडी फ्री डिशच्या, तीन टाटा प्लेच्या, दोन एअरटेलच्या. उरलेल्या तीन फ्लॅटपैकी दोघांचं मोबाइलवर भागतं आणि एकाला कुलूप आहे.

तालुक्याहून मेकॅनिक बोलावला. तो म्हणाला, "मॅडम, एकच मोठी छत्री लावून देतो, मल्टिस्विच टाकतो, बाराही घरी सगळ्या कंपन्या चालतील." खर्च ३८ हजार सांगितला. सभेत सगळे खूश झाले, पण मला धीर होत नाही. दोन वर्षांपूर्वी पहिल्या मजल्यावरच्या दोन घरांनी, दोघांकडे एकाच कंपनीचे बॉक्स, एका छत्रीच्या तारेला स्प्लिटर लावून घेतला होता. शेजारी मालिका लागली की इकडचे अर्धे चॅनेल गायब. त्यांनी टीव्ही बंद केला की इकडे पुन्हा सुरू. मुद्दाम करतात असं वाटून दोन्ही घरं महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हती. बारा घरांत असं झालं तर?

तळमजल्यावर एक आजी एकट्या राहतात. मुलगा पुण्याला असतो. फ्री डिशवर सह्याद्री सकाळपासून लावून ठेवतात. सभेत कोणीतरी म्हणालं, फ्री डिशवाल्यांनी आता एखादी कंपनी घेऊन टाकावी म्हणजे तारांचा घोळ मिटेल. आजी तिथे काही बोलल्या नाहीत. जिना उतरताना माझा हात धरून म्हणाल्या, "माहा टीव्ही बंद नोको पडू देजो वं माय. घरात तेवढाच आवाज रायते."

म्हणून माझं म्हणणं असं, की आज ज्याच्या घरी जे चालतं ते नंतरही चालावं, आणि आजींच्या माथी दर महिन्याचं रिचार्ज येऊ नये. हे एका छत्रीत होईल का? न झाल्यास कमीत कमी किती लागतील, आणि स्लॅबला हात न लावता त्या उभ्या कशा करायच्या? तळमजल्यापर्यंत ३५ मीटर तार जाते, तिथे आजही पाऊस आला की चित्र फुटतं. वांदरं छत्रीवर बसून तिचं तोंड फिरवतात, त्यालाही काही उपाय असेल तर सांगा.

शेवटचं म्हणजे कडुनिंब. गच्चीच्या आग्नेय कोपऱ्याबाहेर मोठं झाड आहे. काही जण म्हणतात सिग्नल त्यानेच अडतो, छत्र्या निघाल्याच आहेत तर झाडही तोडू. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या वर पारा जातो तेव्हा त्या बाजूच्या सहा खिडक्यांना तीच एक सावली आहे. झाड वाचावं असं मनापासून वाटतं, पण सभेत सांगायला माझ्याकडे आधार नाही.

आगाऊ आभार.

प्रतिसाद (डिश बसवण्याचं काम करतो, वर्धा जिल्हा)

ताई, ३८ हजार देऊ नका. एका छत्रीवर या तिन्ही सेवा नीट चालणार नाहीत. कारण साधं आहे, तिघांचे उपग्रह आकाशात वेगवेगळ्या जागी आहेत. टाटा प्ले ८३ अंश पूर्व रेखांशावर, डीडी फ्री डिशचा जीसॅट-१५ हा ९३.५ वर, एअरटेल १०८.२ वर. छत्री एका वेळी एकाच जागी रोखून पाहते. मल्टिस्विच सिग्नल वाटून देतो, छत्रीचं तोंड फिरवत नाही.

आता स्प्लिटरचं भांडण. त्यात दोन्ही घरांची काहीच चूक नव्हती, त्यांना हे जरूर सांगा. उपग्रहाचे काही चॅनेल उभ्या ध्रुवणात येतात (म्हणजे लहरी उभ्या कंप पावतात), काही आडव्या. बॉक्स तारेतून वर एलएनबीला (छत्रीच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा डबा) १३ व्होल्ट पाठवतो तेव्हा उभे मिळतात, १८ व्होल्ट पाठवतो तेव्हा आडवे. त्यातही फ्रिक्वेन्सीचा खालचा पट्टा हवा की वरचा हे सांगायला २२ किलोहर्ट्झचा टोन असतो. एका तारेवर दोन बॉक्स जोडले आणि एकाने १८ मागितले तर १३ वाल्याचे चॅनेल गेलेच. प्रत्येक बॉक्सला एलएनबीचं स्वतःचं तोंड, म्हणजे तार जोडायची जागा, मिळालं पाहिजे.

तुमच्याकडे फ्री डिशची चार घरं आहेत आणि पुढे वाढतील. त्यांच्यासाठी एक ९० सेंटीमीटरची छत्री आणि आठ तोंडांचा ऑक्टो एलएनबी. चार तोंडं वापरात, चार शिल्लक. टाटा प्लेच्या तिघांना एक छत्री आणि चार तोंडांचा क्वाड. एअरटेलच्या दोघांना एक छत्री आणि दोन तोंडांचा ट्विन. चौदाच्या जागी तीन. कोणाकडे रेकॉर्डिंगचा बॉक्स असेल तर त्याला दोन तारा लागू शकतात, तेवढं विचारून ठेवा. टाटा प्ले आणि एअरटेलच्या छत्र्यांना त्यांच्याच माणसाकडून हात लावून घ्या.

एक खबरदारी. दुकानदार 'क्वाट्रो' म्हणून देईल आणि क्वाडच आहे म्हणेल. घेऊ नका. क्वाट्रोची चार तोंडं चार ठरलेले पट्टे देतात, त्याच्यापुढे मल्टिस्विच लागतोच. तो थेट बॉक्सला लावला तर काही चॅनेल कधीच येणार नाहीत. मल्टिस्विच मोठ्या इमारतीत चांगला, पण बहुतेकांना वेगळा अडॅप्टर लागतो. लाइन गेली की इन्व्हर्टरवाल्यांचेही टीव्ही बंद. ऑक्टोला बॉक्सकडूनच वीज मिळते, तो प्रश्न उरत नाही. तालुक्याला ऑक्टो सहसा मिळत नाही, मागवावा लागेल.

तारेबद्दल. आरजी-६ म्हणून जे विकतात त्यात पुष्कळदा मधली तार लोखंडी असते, वरून तांब्याचा मुलामा. चुंबक लावून पाहा, चिकटला तर ती. टोकाच्या वरच्या फ्रिक्वेन्सीला चांगल्या तारेतही १०० मीटरला सुमारे ३० डेसिबल सिग्नल खर्च होतो, म्हणजे तुमच्या ३५ मीटरला दहाच्या आसपास. त्यात लोखंडी तारेत व्होल्टेजही उतरतं. आजींच्या घरापर्यंत सबंध तांब्याची, एकसंध तार ओढा, मध्ये एकही जॉइंट नको. वर पिन लावताना तारेला खाली वळसा द्या म्हणजे पाणी तिथून ठिबकून जाईल, पिनेत शिरणार नाही. जुन्या तारा कापल्या तर बऱ्याच ठिकाणी जाळी हिरवी पडलेली दिसेल. पाऊस आला की चित्र फुटतं त्याला ढग कारण आहेतच, पण अर्धा दोष अशा पिनांचा असतो.

निंबाला हात लावू नका. त्याचं माप घेऊन सांगा, मी हिशोब करून देतो.

वांदरांवर खात्रीचा उपाय मला अजून सापडलेला नाही. पायाला दोन जादा लोखंडी पट्ट्या तिरप्या मारून घ्या, निदान तोंड फिरणार नाही.

प्रतिसाद (अमरावती)

एका ९० सेंटीमीटरच्या छत्रीवर बाजूबाजूला दोन एलएनबी लावून दोन उपग्रह घेता येतात. मी घरी केलं आहे, तीन वर्षं चालू आहे. मग दोनच छत्र्या लागतील.

प्रतिसाद (डिशवाले, वर्धा जिल्हा)

दादा, घरी चालतं, मान्य. पण ८३ आणि ९३.५ मध्ये साडेदहा अंशांचं अंतर आहे. जो एलएनबी मध्यापासून बाजूला सरकतो त्याचा सिग्नल कमी होतो, आणि ती कमी पावसाळ्यात भोवते. स्वतःच्या घरी एखादा तास टीव्ही गेला तर आपण सोसतो. बारा घरांचा राग सचिवाने कशाला सोसावा? तिसरी छत्री परवडली.

प्रतिसाद (चंद्रपूर)

छत्र्यांचा जमाना गेला. सगळ्यांनी मिळून फायबर घ्या, टीव्ही त्याच्यावरच पाहा.

धागाकर्ती

दादा, सूचना चांगली आहे, दोन घरं घेणारही आहेत. पण आमच्याकडे रस्ता खोदला की फायबर तुटतं आणि जोडणारा माणूस यायला आठवडा लागतो. आणि आजींकडे साधा फोन आहे. फ्री डिशला महिन्याचं भाडं नाही, बटण दाबलं की चालू. त्यांच्यासाठी तेच बरं.

डिशवाले दादा, माप घेतलं. छत्री जिथे लावता येईल तिथून झाड १५ फुटांवर आहे आणि शेंडा छत्रीच्या उंचीपेक्षा अंदाजे १२ फूट वर.

प्रतिसाद (डिशवाले, वर्धा जिल्हा)

मग काम झालं. फ्री डिशचा उपग्रह तुमच्या गावाहून आग्नेयेला, क्षितिजापासून जवळपास ६० अंश वर आहे. १५ फुटांवरचं झाड आडवं यायला २६ फूट वर हवं. एअरटेलचा थोडा पूर्वेला आणि खाली आहे, सुमारे ४८ अंशांवर. तिथेही साडेसोळा फूट लागतील. टाटा प्लेचा दक्षिणेकडे सरकलेला आणि ६५ अंशांवर, त्याचा झाडाशी संबंधच नाही. लोकांची चूक कुठे होते सांगतो. या छत्रीचा एलएनबी मधोमध नसून खालच्या दांड्यावर असतो, त्यामुळे ती समोर झाडाकडे पाहते आहे असं वाटतं. तिची नजर दिसते त्याहून कितीतरी वर असते. दर दोन-तीन वर्षांनी शेंड्याकडे लक्ष ठेवा, बस.

प्रतिसाद (सिव्हिल इंजिनीअर, नागपूर)

जिना जिथे गच्चीवर निघतो त्या खोलीची दक्षिणेकडची भिंत वापरा. तिन्ही छत्र्या तिथे भिंतीच्या ब्रॅकेटवर बसतील, स्लॅबला एकही भोक नाही. कठड्यावर लावायच्या असतील तर आतल्या बाजूने, वरच्या पृष्ठभागावर ड्रिल नको, पाणी तिथूनच उतरतं. जागा कमी पडली तर लोखंडी अँगलची चौकट करून तिच्यावर काँक्रीटचे ठोकळे ठेवता येतात, पण खाली रबराची चटई टाका, नाहीतर नवा कोबा घासला जातो. सगळ्या तारा एका पीव्हीसी पाइपातून डक्टमध्ये उतरवा, आमच्या उन्हात उघडी तार चार-पाच वर्षांत तडकते. आणि तिन्ही छत्र्यांच्या लोखंडाला इमारतीच्या अर्थिंगशी जाड तारेने जोडा. तरीही वीज कडाडायला लागली की बॉक्सची पिन काढून ठेवायला सांगाच. वीज पडायचा इशारा देणारं दामिनी ॲप फोनवर असू द्या.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. कालच्या सभेत निंबाचा हिशोब फळ्यावर काढून दाखवला. तोडा म्हणणारे काका स्वतः दोरी घेऊन गच्चीवर गेले, मोजून आले, आणि विषय थांबला. स्प्लिटरचं कारण त्या दोन घरांना सांगितलं. दोघी काही वेळ गप्प होत्या, मग एकीने दुसरीला चहाला बोलावलं.

तीन छत्र्यांचा ठराव झाला. खर्च कंपनीनिहाय वाटून, फ्री डिशच्या छत्रीचा सोसायटीच्या फंडातून. आजींकडच्या जुन्या तारेला चुंबक लावला, टपकन चिकटला. ती बदलायची यादीत पहिली घेतली आहे.

एकच अडचण उरली. कोब्यावर आठ-दहा दिवस पाणी साठवून ठेवायचं आहे, तोपर्यंत वर काहीच लावता येणार नाही. तेवढे दिवस आजींचं काय करू?

प्रतिसाद (डिशवाले, वर्धा जिल्हा)

त्यांचीच जुनी छत्री अंगणात उभी करा, आग्नेयेला आकाश मोकळं असेल तिथे. पाय एका लाकडी पाटीवर आवळून बसवा, पाटीवर रेतीची दोन पोती ठेवा. छत्री गच्चीवरून सोडायच्या आधी तिच्या खांबावर आणि मागच्या स्क्रूजवळ मार्करने खूण करा, कोन जवळपास तोच लागेल. डावी-उजवी दिशा बॉक्सच्या सिग्नलच्या पडद्यावर पाहून लावा, एकाने आत पाहायचं, एकाने बाहेर अगदी हळू फिरवायचं. बॉक्समधली एलएनबीची सेटिंग ९७५० आणि १०६०० अशी असेल तर तिला हात लावू नका, पुढे ऑक्टोलाही तीच चालते.

धागाकर्ती

आज सकाळी केलं. तुळशीच्या पलीकडे जागा मिळाली. मी बाहेर छत्री धरून, आजी आतून ओरडून सांगत होत्या, "अजून जरासं... आलं आलं, थांब!" क्वालिटी ७० च्या वर आहे, गच्चीवर असताना ५५ होती. तार जेमतेम आठ मीटर आहे, त्याचाच फरक असावा. उद्यापासून कोब्याचं काम सुरू होतंय. ऑक्टो नागपूरहून मागवला आहे, आला की कुठलं तोंड कोणाचं याच्या चिठ्ठ्या आधी लिहून ठेवते.