राजाचं मन आणि पाटाचं पाणी: तुमचे अनुभव लिहा

सर्वांना सलाम. निवडणुकीच्या दिवसांत आमच्याच चर्चच्या मंडळीत दोन तट पडले. उपासना संपली की माणसं एकमेकांशी न बोलता चपला शोधायची. अशातच एका बुधवारी पाळकसाहेबांनी बायबलमधलं नीतिसूत्रे 21:1 वाचलं: राजाचं मन पाटाच्या पाण्यासारखं परमेश्वराच्या हाती आहे, त्याला वाटेल तिकडे तो ते वळवतो.

मी राहुरीकडचा. लहानपणी रात्री कालव्याचं आवर्तन सुटलं की वडिलांबरोबर दारं धरायला जायचो. अंधारात पाणी कुठवर आलं ते दिसायचं नाही. वडील वाफ्याच्या टोकाला अनवाणी उभे राहायचे आणि पायाला गार लागलं की ओरडायचे, "आलं!" मग मी खोऱ्यानं माती ओढायचो. ते वचन ऐकलं तेव्हा मला आधी आठवलं ते त्यांचं ते वाट बघत उभं राहणं.

कोणता पक्ष बरोबर, हे इथे नको. देश ढवळून निघाला तेव्हा तुमचा भरवसा कसा टिकला ते लिहा. टिकला नसेल तर तेही लिहा.

वसईहून
2 ऑगस्ट 1990. आम्ही कुवेतमध्ये सालमियात राहत होतो. पहाटे स्फोटांचे आवाज आले, आणि दुपारपर्यंत रस्त्यावर इराकी सैनिक. नवऱ्याची नोकरी, बँकेतली शिल्लक, दिनार, एका दिवसात सगळं कागद झालं. खुब्जसाठी, म्हणजे तिथल्या रोटीसाठी, तासन् तास रांग. रात्री दार लावून, खिडकीला चादर टांगून आम्ही रोझरी म्हणायचो.

आज पहिल्यांदाच लिहिते आहे. 'हे आमच्या स्वर्गातील बापा' म्हणताना 'तुझी इच्छा पूर्ण होवो' ही ओळ आली की मी गप्प व्हायचे. ती म्हटली तर देव माझं मूल मागेल, अशी भीती वाटायची. नवऱ्याच्या ते लक्षात आलं होतं. तो काही बोलला नाही, फक्त ती ओळ जरा मोठ्यानं म्हणू लागला, दोघांची मिळून.

पुढे बसनं इराकमार्गे जॉर्डनची सीमा, वाळवंटातले तंबू, मग अम्मान. एअर इंडियानं तिथून त्या दोन-अडीच महिन्यांत लाखाहून जास्त भारतीय आणले, त्यांत आम्ही तिघं. विमानात मुलगा माझ्या मांडीवर झोपला होता. मुंबईचे दिवे दिसले तेव्हा ती ओळ माझ्या तोंडून आली. मूल वाचलं म्हणून आली का? खरं सांगायचं तर, हो. ज्यांचं वाचलं नाही त्यांच्यासमोर मी ही साक्ष देऊ शकत नाही.

भायखळ्याहून
जानेवारी 1993, मुंबईतल्या दंगली. आईनं शेजारच्या मुस्लिम कुटुंबाला चार रात्री आमच्या आतल्या खोलीत ठेवलं. बाहेर आरडाओरडा सुरू झाला की ती स्तोत्र 46 पुटपुटायची आणि स्टोव्ह पेटवायची. "देव आपला आश्रय आहे, मग त्यांचा नको?" एवढंच म्हणायची. ती घाबरली होती. कप देताना बशी वाजायची.

पुन्हा वसईहून, दुसरी
'देवच राजे बसवतो, आपण गप्प राहावं' हे मला पटत नाही. हरित वसईच्या आंदोलनात फादर फ्रान्सिस दिब्रिटो सर्वांच्या पुढे होते. आमच्या विहिरींचं पाणी टँकरनं उपसलं जात होतं. आजी सकाळची मिस्सा ऐकून तशीच मोर्चाला जायची, लाल लुगड्यात. तिला या दोन गोष्टी कधी वेगळ्या वाटल्याच नाहीत. बायबलमधला दानीएलही राजाच्या मनाईनंतर खिडक्या उघड्या ठेवूनच प्रार्थना करत होता.

पुण्याहून
मे 2023 मध्ये मणिपूर पेटलं. आमच्या उपासनेला येणाऱ्या एका कुकी मुलीचं चर्च जळालं. पुढच्या बुधवारी बोलायची पाळी माझी होती. देवाच्या सार्वभौमत्वावर मी दोन पानं लिहून आणली होती. ती समोर बसली आणि माझा आवाजच निघेना. पानं घडी करून मी पवित्र शास्त्र तिच्या हातात दिलं. तिनं त्यातलं हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तक उघडलं. वाटलं, तिसरा अध्याय वाचेल, अंजिराचं झाड न फुललं तरी उल्लास करण्याचा. तिनं पहिला काढला. हे परमेश्वरा, मी किती काळ ओरडू आणि तू ऐकणार नाहीस? तेवढंच वाचलं, आणि पुस्तक मिटलं.

कुणी आमेन म्हटलं नाही, कुणी उठलंही नाही. तेव्हापासून दर बुधवारी आम्ही तिच्या गावाचं नाव घेऊन प्रार्थना करतो. माझा उच्चार अजून चुकतो. ती डोळे मिटूनच तो दुरुस्त करते.